सोसलेल्या पिढीबद्दल चार प्रश्न

मागील अंकात आम्ही वाचकांना घरातल्या ऐंशीच्या आसपासच्या माणसांच्या सवयींविषयी लिहायला सांगितले होते. पत्रे बरीच आली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता: युद्ध, टंचाई आणि दुष्काळ पाहिलेली ही माणसे आपल्यापेक्षा वेगळी का, आणि ती वेगळी झाली ती सोसल्यामुळेच का. त्यांतली चार पत्रे संक्षेपाने येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाई ८५ वर्षांच्या आहेत. माहेर देवळाली कॅम्पचे, सासर येवला तालुक्यातले; गेली वीस वर्षे त्या आमच्याजवळ राहतात. मिठाईच्या खोक्यांच्या दोऱ्या, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या असे सगळे त्या जपून ठेवतात. घरात खाणारी माणसे चार असताना गहू मात्र दहा माणसांचा भरायला लावतात. पंधरा दिवसांपूर्वी पलंगाखालचे रिकामे पत्र्याचे डबे मी भंगारवाल्याला दिले, तर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. माझे पती म्हणतात, ‘आईने महायुद्ध पाहिलंय, तिचा स्वभावच तसा झालाय.’ इतक्या जुन्या गोष्टीने स्वभाव घडतो का? (एक गृहिणी, सिडको, नाशिक)

उत्तर : आधी वयाचे गणित मांडू, कारण या विषयावर बोलताना माणसे नेमके तेच विसरतात. सासूबाईंचा जन्म १९४० च्या आसपासचा, म्हणजे महायुद्ध संपले तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. देवळालीच्या छावणीत त्या काळी गोऱ्या शिपायांची कितीही वर्दळ असली, तरी पाच वर्षांच्या मुलीला तिच्यातून युद्ध कळत नाही. तिला कळते ते एवढेच, की आई रॉकेलची बाटली मोजून वापरते आणि साखरेच्या डब्याला हात लावला की ओरडते. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झाले आणि युद्ध संपल्यावरही धान्यावरची नियंत्रणे कमीअधिक प्रमाणात कित्येक वर्षे चालू राहिली. धातूची चणचण एवढी, की १९४३ पासून सरकारने मधोमध मोठे भोक असलेला पैसा काढला. आमच्या देव्हाऱ्यातल्या करंड्यात असा एक भोकाचा पैसा होता आणि आम्ही भावंडे तो करंगळीत अंगठीसारखा घालायला धडपडत असू. त्या भोकातले तांबे लढाईच्या कामी गेले होते, हे मला फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर कळले. सांगायचे ते असे, की महायुद्धाची टंचाई सासूबाईंपर्यंत पोहोचली असेल तर ती त्यांच्या आईच्या हातांमधून पोहोचली.

मात्र ते डबे महायुद्धाचे नसावेत, असा माझा अंदाज आहे. ते १९७२ चे आहेत. त्या वर्षी सासूबाई बत्तीस वर्षांच्या होत्या, येवल्याकडे नांदत होत्या, पदरी मुले होती आणि पाच-सहा ताटे रोज त्यांना मांडायची होती. येवला, नांदगाव, चांदवड, सिन्नर हा आपल्या जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग एरवीही पावसाच्या भरवशावर जगणारा. त्यात १९७० पासून पावसाने तोंड फिरवले होते आणि १९७२ मध्ये खरीप गेला, पाठोपाठ रब्बीही गेली. ज्यांनी ते वर्ष पाहिले त्यांना अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी विसरता येत नाही. तिची भाकरी थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची, आणि ‘गुरांचं धान्य आम्हाला खायला घातलं’ हे वाक्य त्या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या बायका आजही त्याच रागाने बोलतात. टंचाई मुलाच्या वाट्याला येते तेव्हा तो भूक लक्षात ठेवतो. गृहिणीच्या वाट्याला येते तेव्हा ती डब्याचा तळ लक्षात ठेवते. तळाशी शेरभर पीठ उरलेले असताना ते किती दिवस पुरवायचे, हा हिशेब ज्या बाईने महिनोन्‌महिने केला, तिच्या लेखी रिकामा डबा भंगार ठरत नाही. पुढे कधीतरी त्यात काही भरता येईल, याची ती जागा असते.

ही गोष्ट आपल्याकडच्या बायकांपुरतीच आहे असे नाही. उलरिके मालमेंडियर आणि स्टेफान नागेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकेतल्या कुटुंबांच्या गुंतवणुकीचा असाच अभ्यास मांडला. ज्यांच्या आयुष्यात शेअर बाजाराचे वाईट दिवस आले होते, ते पुढे कित्येक दशके बाजारात पैसे घालायला कचरत होते. ताज्या अनुभवाचा जोर अधिक होता, पण जुनाही पुसला गेलेला नव्हता. तेव्हा पतीच्या ‘स्वभावच तसा’ या शब्दांत मी एवढीच दुरुस्ती करीन, की हा स्वभाव कमी आणि शिकलेला धडा अधिक आहे. धडा शिकवणारी परिस्थिती गेली, धडा तेवढा राहिला.

करायचे काय, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. एक कपाट किंवा माळ्याचा एक कोपरा त्यांचा ठरवून द्या आणि त्यातले काही काढायचे असेल तर त्यांना विचारून काढा. दोन दिवसांचा अबोला डबे गेल्याचा नव्हता, विचारले नाही याचा होता. गहू भरायचेच असतील तर निवडून, एरंडेल चोळून भरण्याचे काम त्यांच्या देखरेखीखाली होऊ द्या. शिळे अन्न मात्र या वयात नको. तेथे त्यांचा मान राखण्यापेक्षा प्रकृती महत्त्वाची. आणि साठवण इतकी वाढली की खोलीत चालायला जागा उरत नाही, किंवा सडलेली वस्तूही टाकू देत नाहीत, असे झाले तर ती सवय नव्हे. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : आमचे आजोबा नेहमी म्हणतात, ‘तुमच्या पिढीला एक दुष्काळ नाहीतर एक लढाई पाहिजे, म्हणजे सरळ व्हाल.’ महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत मला नेमका हाच विषय आला. मी आजोबांच्या बाजूने बोललो आणि पहिला आलो. पण खरे सांगायचे तर बोलताना मला स्वतःलाच ते पटत नव्हते. आपले मत काय? (एक विद्यार्थी, नाशिकरोड)

उत्तर : बक्षीस मिळाल्याबद्दल अभिनंदन, आणि न पटल्याबद्दल थोडे अधिक अभिनंदन. आपल्या भाषणात ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आली असणारच. परीक्षकांना ती आवडतेच. पण ही म्हण कोणा पाथरवटाला ऐकवून पाहा. तो सांगेल, की घडवायला घेतलेल्या दगडांतले कितीतरी टाकीखाली दुभंगतात, आणि दुभंगलेल्या दगडांची खडी होते. देवळात गेल्यावर आपण मूर्ती पाहतो, खडी रस्त्यावर असते. शिवाय पाथरवटाच्या हाताला दगडाची नस कळते. दुष्काळाला आणि लढाईला तशी काही कळत नाही.

सोसलेल्या पिढीविषयी बोलताना आपल्या समोर बसलेले असतात ते तरलेले लोक. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली, आणि तो दुष्काळ युद्धकाळातला, महागाईने आणि सरकारी अनास्थेने वाढवलेला होता. त्या ३० लाखांचे चारित्र्य कसे घडले, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तर द्यायला ते नाहीत. जे जन्मालाही आले नव्हते त्यांच्यावरही घाव पडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी केलेल्या नाकेबंदीमुळे हॉलंडच्या पश्चिम भागात उपासमार झाली. त्या महिन्यांत जी मुले आईच्या पोटात होती, त्यांच्या पुढील आयुष्याचा अभ्यास डॉक्टरांनी केला, तेव्हा त्यांच्यात साखरेचे आणि हृदयाचे विकार अधिक आढळले. त्या मुलांनी भूक पाहिलीही नव्हती. त्यांच्या शरीराने ती नोंदवून ठेवली होती.

आता वयाकडे येऊ. अमेरिकेत १९२९ नंतर जी महामंदी आली तिच्यात वाढलेल्या मुलांच्या नोंदी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड आणि बर्कली या दोन शहरांत वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या, आणि ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात त्यांचा अर्थ लावला. ओकलंडची मुले १९२०-२१ ची, म्हणजे घरात पैसा आटला तेव्हा दहा-बारा वर्षांची. मुलगे मिळेल ते काम करून चार पैसे आणू लागले, मुली घर सांभाळू लागल्या, आणि एकंदरीत ती मुले पुढे जबाबदार निघाली. बर्कलीची मुले १९२८-२९ ची. त्यांना आठवते तेव्हापासून घरात ओढाताण आणि वडिलांचा उतरलेला चेहरा, आणि त्यावर त्यांना करता येण्यासारखे काहीच नाही. त्यांतले विशेषतः मुलगे शाळेत मागे पडले, हिरमुसले राहिले. मंदी एकच, राज्य एकच, जन्मवर्षात सात-आठ वर्षांचे अंतर, आणि परिणाम जवळजवळ उलटे. त्या धाकट्या मुलग्यांपैकी बरेच जण पुढे सावरले, तेही सैन्यात नोकरी मिळाली आणि सैनिकांसाठीच्या सवलतींतून शिकता आले म्हणून. मंदीने त्यांना काही दिले होते म्हणून नव्हे.

मला स्वतःला हे पटायला एल्डरची गरज पडली नाही. १९७१ च्या डिसेंबरात मी नऊ वर्षांचा होतो. ओझरला विमानांचा कारखाना, देवळालीला तोफखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. तेव्हा पाकिस्तानचे पहिले विमान नाशिकवरच येणार याविषयी आमच्या गल्लीतल्या मुलांना तिळमात्र शंका नव्हती, आणि त्याचा आम्हाला भयंकर अभिमान होता. खिडक्यांना काळे कागद लावण्याचे काम माझ्याकडे होते. खळ शिजवायची, कागद चिकटवायचे, संध्याकाळी बाहेर जाऊन कुठून फट दिसते का ते बघायचे. तेरा-चौदा दिवसांत लढाई संपली तेव्हा मला चक्क वाईट वाटले. त्याच अंधारात आई माझ्या तापलेल्या धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसली होती आणि डॉक्टरांकडे न्यायचे तरी कसे या विवंचनेत होती, हे मला तिने तीस वर्षांनी सांगितले. आमच्या त्या एका खोलीत एकच ब्लॅकआउट झाला असे आता मला म्हणवत नाही.

आणि आता १९७२ कडे, कारण आजोबांच्या मनात बहुधा तेच साल असणार. १९७३ च्या उन्हाळ्यात मला सिन्नर तालुक्यात मामाकडे पाठवले होते. गावाबाहेर पाझर तलावाचे काम चालू होते आणि रस्त्याच्या कडेला ओळीने बायका खडी फोडत होत्या. फडक्याची चुंबळ करून तिच्यावर बसायचे, डाव्या हाताने दगड धरायचा, उजव्या हाताने हातोडी. बोटे ठेचू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून बोटांत घातलेले. संध्याकाळी मुकादम मस्टर घेऊन यायचा, फोडलेल्या खडीचे माप घ्यायचा, आणि माप कमी भरले की आवाज चढायचे. लहान मुलांना सुकडी मिळायची. ती गोड असल्यामुळे मीही, शहरातला असून, रांगेत उभा राहून खाल्ली. तिची लाज मला पुढे वाटली.

त्या वर्षी महाराष्ट्रात जे घडले ते सोशिकपणाने घडले असे मला वाटत नाही. राज्याची लोकसंख्या पाच कोटी. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती, म्हणजे दहांत एक. पूर्वीच्या दुष्काळांत, १८७६-७८ मध्ये किंवा १८९९-१९०० मध्ये, जशी माणसे पटापट मेली तशी ती या वेळी मेली नाहीत, आणि याचे कारण लोक आधीपेक्षा कणखर होते हे नसून, कामे निघाली, मजुरी मिळाली आणि मजुरी मिळाली नाही तर मोर्चे निघाले, हे आहे. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आपल्या आजोबांची पिढी ताठ उभी राहिली असेल, तर तिच्या पायाखाली एवढे काहीतरी घातले गेले होते. काम मागता येते, आणि ते मिळाले नाही तर भांडता येते, हे ज्याला दुष्काळात कळले तो पुढे आयुष्यभर ग्रामपंचायतीत उभा राहून बोलला. ज्याला काम मिळाले नाही, ज्याची बैलजोडी मातीमोलाने गेली, तो गाव सोडून मुंबईला किंवा साखर कारखान्याच्या फडावर गेला. त्याचे चारित्र्य आपण तपासत नाही.

माझी मामेबहीण तेव्हा पाचवीत होती. मामी खडीवर जायची, म्हणून धाकट्या भावाला सांभाळायला ही घरी राहिली. ते वर्षापुरते ठरले होते. ती पुन्हा शाळेत गेली नाही. आज ती साठीपुढची आहे, द्राक्षबागेचा हिशेब तोंडी ठेवते, मुनीम तिच्यापुढे चुकत नाही, आणि ‘दुष्काळानं आम्हाला घडवलं’ असे तीही म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही. एवढी हुशार मुलगी शाळेत राहिली असती तर काय झाली असती, हे तिला विचारण्याचा मला अधिकार नाही; पण वक्तृत्व स्पर्धेत विरुद्ध बाजूने बोलणाऱ्या कोणीतरी ते विचारायला हवे होते.

आजोबांच्या बोलण्यात मला एक खरी गोष्टही ऐकू येते. बहुधा ते त्या वर्षी पंधरा-सोळा वर्षांचे असतील आणि घरातले कोणते तरी काम पूर्णपणे त्यांच्यावर असेल: दूरच्या विहिरीवरून पाणी आणणे, गुरांच्या छावणीतून चारा आणणे, मस्टरवर अंगठा उठवणाऱ्या वडिलांच्या वतीने हजेरी तपासणे. त्या वयात आपल्यावाचून घराचे अडते हे ज्याला कळले, त्याला ते सुख पुन्हा सहसा मिळत नाही; आणि तुम्हाला ते कधीच मिळाले नाही, असे त्यांना तुमच्याकडे बघून वाटत असावे. तो हेवा नसून कीव आहे, फक्त शब्द चुकीचे आहेत. बहात्तर साली त्यांच्याकडे कोणते काम होते, हे एकदा त्यांना विचारा. ते लढाईपेक्षा त्याविषयीच जास्त बोलतील, अशी माझी पैज आहे.

प्रश्न : १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी माझ्या आजीने हातातल्या पाटल्या संरक्षण निधीला दिल्या, असे घरात अभिमानाने सांगतात. आज कोणी देईल असे वाटत नाही. ती पिढी अधिक देशभक्त होती का? यशवंतराव चव्हाण नाशिकमधून निवडून आले ते त्याच लाटेत ना? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. चव्हाण १९६२ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले, ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य त्याच वेळचे, आणि त्यानंतर नाशिकच्या पोटनिवडणुकीत ते लोकसभेवर बिनविरोध गेले. विरोधी पक्षांनीही उमेदवार दिला नाही, यावरून त्या दिवसांची हवा कळते.

पाटल्यांविषयी मात्र थोडे जपून बोलायला हवे. आजींनी दिल्या हे मोठेच. बायकांनी अंगावरचे उतरवून दिले, याच्या आठवणी गावोगावी आहेत. पण त्याच हिवाळ्यात, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रणाचा आदेश निघाला आणि नवे दागिने १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे घडवायला बंदी आली. ‘चौदा कॅरट’ हा शब्द मराठीत हिणकस या अर्थाने रुळला तो तेव्हापासून. सराफ कट्ट्यावर बसून पिढ्यान्‌पिढ्या सोने घडवणाऱ्या कारागिरांचे हात रिकामे झाले, देशभर सुवर्णकारांची कुटुंबे देशोधडीला लागली. एकाच वर्षी, एकाच गावात, एका घराला देण्याचा अभिमान आठवतो आणि दोन गल्ल्या पलीकडच्या घराला विझलेली शेगडी आठवते. दोन्ही घरांतली माणसे एकाच पिढीची. तेव्हा ‘ती पिढी’ म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजायला मी कचरतो. आजींविषयी विचाराल, तर त्या थोर होत्या.

प्रश्न : माझे वडील १९६७ साली तोफखान्यात भरती झाले, नाशिकरोड कॅम्पलाच त्यांचे प्रशिक्षण झाले, आणि १९७१ च्या लढाईत ते पश्चिम आघाडीवर होते. आज ते ७८ वर्षांचे आहेत. त्या लढाईविषयी त्यांनी घरात कधीही चार वाक्यांपेक्षा अधिक सांगितलेले नाही. दिवाळीत खिडक्या लावून बसतात. हल्ली तर एरवीही फारसे बोलत नाहीत, टीव्ही मोठ्याने लावतात, फोन आला तर तो नेहमी उजव्या कानाला धरतात आणि दोन शब्दांत संपवतात. नातेवाईक म्हणतात, ‘फौजी माणूस, कणखर असतो.’ हा कणखरपणा आहे की आणखी काही? त्यांना बोलते करावे का? (एक कन्या, भगूर)

उत्तर : न बोलण्याला कणखरपणा म्हणणे आपल्याला सोयीचे असते, कारण मग ऐकण्याची जबाबदारी राहत नाही. आपले वडील ज्या काळात लढले त्या काळात लढाईने मनावर केलेल्या आघाताला आजचे नाव मिळाले नव्हते. पहिल्या महायुद्धात इंग्रज डॉक्टरांनी तिला ‘शेल शॉक’ म्हटले. आज जी संज्ञा सर्रास वापरली जाते, आघातानंतरचा मानसिक विकार अशा अर्थाची, ती अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली आली. तोवर जगभरचे शिपाई घरी परतले आणि गप्प बसले.

गंमत म्हणा की दैवदुर्विलास म्हणा, वेड लागलेला या अर्थाचा जो एक बोलीतला शब्द इंग्रजी भाषेला मिळाला, ‘डूलाली’, तो आपल्या शेजारच्या देवळालीचा. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत महिनोन्‌महिने पडून असत. उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने त्यांची डोकी फिरत. त्यांची लढाई संपलेली होती, हत्यारे जमा झालेली होती. करायला काही नाही आणि घर अजून दूर, या अवस्थेचे ते वेड होते. निवृत्त सैनिकाच्या घरी मला हे नेहमी आठवते.

बोलते करावे का, याचे माझे उत्तर होय असे आहे, पण ‘बाबा, लढाईत काय झालं ते सांगा’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसते. लहान प्रश्न विचारा. पंचवीस पौंडी तोफेवर सहा जण लागत. वडिलांच्या तोफेवर असे किती जण होते, कोण कोणत्या गावचे होते, त्यांतले वडिलांचे काम काय होते? चहा कोण करायचे? आजीने पाठवलेल्या पत्रावर ठिकाणाऐवजी ‘५६ ए.पी.ओ.’, म्हणजे सैन्याच्या टपालघराचा क्रमांक, एवढेच लिहावे लागे, त्यामुळे मुलगा कुठे आहे हे तिला कळतच नसे. ती पत्रे त्यांना किती दिवसांनी मिळत? कोणाचे नाव आले आणि ते थांबले, तर तुम्हीही थांबा. पुढचे त्या दिवशी विचारू नका. रात्री दचकून उठणे, छातीत धडधडणे, एकाएकी संतापणे असे काही दिसत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात लाजण्यासारखे काही नाही. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत त्याचीही सोय असते.

त्याआधी मात्र एक गोष्ट करा. आपल्या पत्रात सर्वांत शेवटी, अगदी जाता जाता, जे लिहिले आहे ते मला महत्त्वाचे वाटते: मोठ्याने लावलेला टीव्ही आणि नेहमी उजव्या कानाला धरलेला फोन. तोफेजवळ वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांचे कान जातात, आणि त्या काळी कानांत कापसाच्या बोळ्यापलीकडे काही घालण्याची पद्धत फारशी नव्हती. वडिलांच्या अलीकडच्या अबोल्याचा काही भाग तरी असा असू शकेल, की त्यांना आपले बोलणे पुरते ऐकू येत नाही आणि पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारायला त्यांना संकोच वाटतो. कान तपासून घ्या. आणि तोपर्यंत, बोलायला बसाल तेव्हा त्यांच्या उजव्या बाजूला बसा.